लेखामानके व कंपन्यांचा जाहीर नफा

कंपनीने आपले व्यवहार कोणत्या वेळी नोंदावेत, त्यांचे मूल्य कसे ठरवावे आणि वार्षिक हिशेबपत्रकांत ते कसे मांडावेत, यांविषयी अधिकृत संस्थेने घालून दिलेल्या नियमांना लेखामानके म्हणतात. नवे मानक लागू झाले म्हणून कंपनीची यंत्रसामग्री, तिचे ग्राहक, कामगार किंवा तिजोरीतील रोकड यांपैकी काहीही त्या दिवशी बदलत नाही. तरीही तिचा जाहीर नफा वाढतो, घटतो किंवा त्याचे तोट्यात रूपांतर होते. हा बदल केवळ कागदावरचा आहे, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि लाभांश, कर, व्यवस्थापकांचा मोबदला, कर्जाच्या अटी व निवृत्त कामगारांना दिलेली आश्वासने ही सर्व त्या कागदावरील आकड्याशी बांधलेली असतात. त्यामुळे महत्त्वाच्या मानकांचा इतिहास हा हितसंबंधांच्या संघर्षाचाही इतिहास ठरला आहे.

नफ्याचे स्वरूप : कंपनीचे संपूर्ण आयुष्य लक्षात घेतले, तर तिचा एकूण नफा म्हणजे तिच्याकडे आलेली व तिच्याकडून गेलेली रोकड यांतील फरक होय. हा आकडा कोणत्याही लेखापद्धतीने बदलत नाही. प्रश्न उद्‌भवतो तो या आयुष्याचे एकेका वर्षाचे तुकडे पाडताना. वीस वर्षे चालणाऱ्या यंत्राच्या किमतीपैकी किती भाग यंदाच्या खर्चात धरावा, बुडण्याचा संभव असलेल्या येण्यांसाठी किती तरतूद करावी, कामगारास तीस वर्षांनी द्यावयाचे निवृत्तिवेतन आज किती खर्चाचे समजावे, या प्रश्नांची उत्तरे अंदाजानेच द्यावी लागतात. म्हणून वार्षिक नफा हा काही अंशी मोजलेला व काही अंशी ठरविलेला आकडा असतो. लेखामानक हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मर्यादित करते. ते एकूण नफा बदलत नाही, तर नफ्याची वर्षावर्षांमधील वाटणी बदलते.

मानकपूर्व काळ : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये नफ्याची मोजणी बहुतांशी संचालकांच्या मर्जीवर सोपविलेली होती. ली विरुद्ध न्यूशॅटेल ॲस्फाल्ट कंपनी या १८८९ च्या खटल्यात, खाणीसारख्या झिजत जाणाऱ्या मालमत्तेची झीज भरून न काढताही कंपनीला लाभांश वाटता येतो, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. घसारा धरणे ही व्यापारी सुज्ञतेची बाब मानली गेली. ते कायद्याचे बंधन नव्हते.

चांगल्या वर्षांतील नफ्याचा काही भाग गुप्त राखीव निधीत टाकावयाचा आणि वाईट वर्षांत तो हळूच बाहेर काढावयाचा, ही प्रथाही त्या काळी प्रतिष्ठित समजली जाई. तिचे दुष्परिणाम रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीच्या प्रकरणात उघड झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात साठविलेल्या निधींतून रकमा काढून या कंपनीने १९२० नंतरच्या दशकात नफा दाखविला होता. प्रत्यक्षात तिचा चालू धंदा तोट्यात होता. १९३१ मध्ये कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड किल्सँट व हिशेबतपासनीस हॅरल्ड मॉर्लंड यांच्यावर खटला भरण्यात आला. वार्षिक हिशेबांविषयीच्या आरोपांतून दोघेही निर्दोष सुटले. कारण त्यांनी केले ते प्रचलित प्रथेला धरून होते. १९२८ च्या ऋणपत्रविक्रीच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र किल्सँट यांना बारा महिन्यांची शिक्षा झाली. प्रथेला धरून असलेला हिशेबही वाचकाची दिशाभूल करू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले. पुढे १९४८ च्या ब्रिटिश कंपनी कायद्याने राखीव निधी व तरतुदी यांतील बदल उघड करणे आवश्यक ठरविले.

मानकांचा उदय : अमेरिकेत १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळीनंतर १९३३ व १९३४ चे रोखेविषयक कायदे झाले आणि रोखे व विनिमय आयोग स्थापन झाला. लेखानियम ठरविण्याचे काम या आयोगाने मुख्यत्वे व्यावसायिकांवर सोपविले. त्यांच्या दोन मंडळांनंतर १९७३ मध्ये वित्तीय लेखामानक मंडळ हे पूर्ण वेळ काम करणारे स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले.

ब्रिटनमध्ये मानकांना चालना मिळाली ती एका कंपनी-खरेदीमुळे. १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने असोशिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ही कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिच्या संचालकांनी त्या वर्षी १ कोटी पौंड नफा होईल, असा अंदाज जाहीर केला होता. वर्षाचे दहा महिने तेव्हा उलटून गेले होते. कंपनी ताब्यात गेल्यानंतर तयार झालेल्या हिशेबांत त्याच वर्षी ४५ लाख पौंडांचा तोटा दिसला. १ कोटी ४५ लाख पौंडांच्या या तफावतीपैकी सुमारे ५० लाख पौंडांची तफावत वस्तुस्थितीतील फरकामुळे, तर उरलेली सुमारे ९५ लाख पौंडांची तफावत मालसाठा, अपुरी कंत्राटे इत्यादींचे मूल्य ठरविताना वापरलेल्या निर्णयबुद्धीतील फरकामुळे होती, असा खुलासा करण्यात आला. एकाच कारखान्याच्या एकाच वर्षाविषयी दोन जाणकार गट इतके भिन्न निष्कर्ष काढू शकतात, हे पाहून वृत्तपत्रांतून लेखाव्यवसायावर कठोर टीका झाली आणि १९७० मध्ये तेथे लेखामानक समिती स्थापन झाली. नऊ देशांतील व्यावसायिक संस्थांनी १९७३ मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय लेखामानक समिती स्थापन केली. २००१ मध्ये तिचे कार्य आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाकडे आले.

संक्रमणाच्या रीती : नव्या मानकाचा जाहीर नफ्यावर होणारा परिणाम दोन प्रकारचा असतो. पहिला परिणाम कायमचा. यापुढील प्रत्येक वर्षाची मोजणी नव्या नियमाने होते. दुसरा एकदाच घडणारा. आतापर्यंतच्या वर्षांत जुन्या नियमामुळे जे नोंदले गेले नाही किंवा जादा नोंदले गेले, त्याची एकत्रित दुरुस्ती करावी लागते. ही साचलेली रक्कम कोठे दाखवावी, याच्या तीन रीती आहेत. ती चालू वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात टाकता येते. नफ्याला स्पर्श न करता आरंभीच्या राखीव निधीत मिळविता किंवा त्यातून वजा करता येते. अथवा मागील वर्षांचे आकडे नव्या नियमाप्रमाणे पुन्हा मांडता येतात. अमेरिकेत १९७१ पासून सामान्यतः पहिली रीत रूढ होती. २००५ मध्ये काढलेल्या मानकाने तिच्या जागी मागील आकड्यांच्या फेरमांडणीची रीत आणली. एखाद्या कंपनीचा नफा एका वर्षात अकस्मात कोसळलेला दिसला, तर धंदा बिघडला की मानक बदलले, हे वाचकाने प्रथम पाहणे आवश्यक असते.

काही ठळक उदाहरणे : अमेरिकेतील मोठ्या कंपन्या निवृत्त कामगारांच्या वैद्यकीय उपचारांचा खर्च पूर्वी प्रत्यक्ष पैसे देताना नोंदवीत. हे आश्वासन कामगाराच्या नोकरीच्या काळातच कमावले जाते, म्हणून त्याचा खर्चही त्याच काळात धरला पाहिजे, असे डिसेंबर १९९० मध्ये काढलेल्या १०६ क्रमांकाच्या मानकाने ठरविले. १९९२ मध्ये ते स्वीकारताना जनरल मोटर्स या कंपनीने सुमारे २,०८० कोटी डॉलरचा साचलेला भार एकदम नोंदविला आणि त्या वर्षी तिचा निव्वळ तोटा सुमारे २,३५० कोटी डॉलर झाला. तोपर्यंतच्या अमेरिकी उद्योगाच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा वार्षिक तोटा होता. या मानकामुळे कंपनीच्या तिजोरीतून एक डॉलरही जास्त गेला नाही. परंतु अनेक दशके दिलेल्या आश्वासनांचे ओझे भागधारकांना प्रथमच दिसले. त्याचे परिणाम मात्र कागदापुरते राहिले नाहीत. नंतरच्या काळात अनेक अमेरिकी कंपन्यांनी निवृत्तांच्या वैद्यकीय सवलतींत कपात केली किंवा नव्या कामगारांसाठी त्या बंद केल्या. उपचारांचा वाढता खर्च हे त्याचे एक कारण होते. तो खर्च आता डोळ्यांआड ठेवता येत नव्हता, हे दुसरे. मानकाने आश्वासनाची खरी किंमत दाखविली आणि ती दिसू लागल्यावर आश्वासन देणाराच मागे सरला.

जर्मनीतील डाइमलर-बेंझ या कंपनीचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. ५ ऑक्टोबर १९९३ रोजी न्यूयॉर्क शेअरबाजारात नोंदणी मिळविणारी ही पहिली जर्मन कंपनी. नोंदणीची अट म्हणून तिला आपले आकडे अमेरिकी नियमांनुसारही द्यावे लागले. १९९३ च्या पहिल्या सहामाहीत जर्मन व्यापारसंहितेप्रमाणे तिचा नफा १६.८ कोटी मार्क होता, तर अमेरिकी नियमांप्रमाणे तिला ९४.९ कोटी मार्क तोटा झाला होता. संपूर्ण वर्षाचे आकडे अनुक्रमे ६१.५ कोटी मार्क नफा व सुमारे १८४ कोटी मार्क तोटा असे होते. या तफावतीचे प्रमुख कारण जर्मन कायद्यातील सावधगिरीच्या तत्त्वात होते. धनकोंचे संरक्षण हा त्या कायद्याचा मुख्य हेतू असल्याने चांगल्या वर्षांत मोठ्या तरतुदी करून ठेवण्यास तो मुभा देई. वाईट वर्षांत त्याच तरतुदी सोडल्याने नफा दिसत राही. अमेरिकी नियमांना अशी उदार तरतूद मान्य नव्हती, म्हणून तिच्यातून काढलेली रक्कमही त्या नियमांनुसार नफा ठरत नव्हती. रॉयल मेलच्या खटल्यातील प्रश्नच साठ वर्षांनी दुसऱ्या देशात पुन्हा पुढे आला होता. १९९८ मध्ये जर्मनीने नोंदणीकृत कंपन्यांना एकत्रित हिशेबांसाठी आंतरराष्ट्रीय मानके वापरण्याची परवानगी दिली आणि यूरोपीय संघाच्या २००२ च्या नियमानुसार २००५ पासून संघातील नोंदणीकृत कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांना ती सक्तीची झाली.

तिसरे उदाहरण नावलौकिकाच्या मूल्याचे आहे. दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जी जादा किंमत मोजली जाते, तिला हिशेबात नावलौकिक म्हणतात. पूर्वी अमेरिकेत ही रक्कम कमाल चाळीस वर्षांत थोडी थोडी खर्ची टाकली जाई. २००१ च्या १४२ क्रमांकाच्या मानकाने ही पद्धत बंद केली आणि दर वर्षी मूल्याची परीक्षा करून घट झाली असल्यासच ती नोंदवावी, असे ठरविले. यामुळे बहुसंख्य कंपन्यांचा वार्षिक नफा वाढला. परंतु जानेवारी २००१ मध्ये विलीनीकरणातून बनलेल्या एओएल टाइम वॉर्नर या कंपनीला २००२ च्या पहिल्या तिमाहीत मानक स्वीकारतानाच सुमारे ५,४०० कोटी डॉलरची घट नोंदवावी लागली. शेअरबाजाराच्या तेजीत ठरलेली किंमत आता टिकणारी नव्हती, याची ती कबुली होती.

भाडेपट्ट्याचे मानक : मानकाने नफ्याची वर्षवार वाटणी कशी बदलते, हे भाडेपट्ट्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने व १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या त्याच्या भारतीय प्रतिरूपाने, दीर्घ मुदतीने घेतलेली दुकाने, विमाने, कचेऱ्या इत्यादींचे भाडे हे कर्जासारखे देणे मानून ताळेबंदात दाखविण्यास सांगितले. समजा, एका कंपनीने पाच वर्षांसाठी जागा घेतली आणि दर वर्षअखेर १० कोटी रु. भाडे ठरले. जुन्या पद्धतीने दर वर्षी १० कोटी रु. खर्च दिसे. नव्या पद्धतीने, व्याजाचा दर १० टक्के धरल्यास, या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य सुमारे ३७.९१ कोटी रु. होते, तेवढी मालमत्ता व तेवढेच देणे ताळेबंदात येते. पहिल्या वर्षी घसारा ७.५८ कोटी रु. व व्याज ३.७९ कोटी रु. असा ११.३७ कोटी रु. खर्च दिसतो, पाचव्या वर्षी व्याज ०.९१ कोटी रु. पर्यंत उतरल्याने तो ८.४९ कोटी रु. होतो. पाच वर्षांची बेरीज दोन्ही पद्धतींत ५० कोटी रुपयेच राहते. मात्र सुरुवातीच्या वर्षांत निव्वळ नफा कमी दिसतो. भाड्याच्या जागी घसारा व व्याज आल्याने त्या दोहोंपूर्वीचा नफा वाढतो आणि कंपनी पूर्वीपेक्षा अधिक कर्जबाजारी भासते. बँकेने कर्ज देताना यांपैकी कोणता आकडा अटीत घातला आहे, यावर कंपनीची पत अवलंबून राहते.

भारतातील विकास : भारतात लेखाव्यवसायाच्या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. सिडनम वाणिज्य महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले आणि मुंबई सरकारची लेखाशास्त्रातील पदविका १९१८ मध्ये अस्तित्वात आली. १९४९ च्या कायद्याने भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. तिने एप्रिल १९७७ मध्ये लेखामानक मंडळ नेमले आणि लेखाधोरणे उघड करण्यासंबंधीचे पहिले मानक १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीला मानके शिफारशीच्या स्वरूपाची होती. १९९९ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ती पाळण्याचे बंधन खुद्द कंपन्यांवर आले व २००६ मध्ये केंद्र सरकारने ती नियमांच्या रूपाने अधिसूचित केली.

नफ्यावरील परिणामामुळे गाजलेले मानक म्हणजे उत्पन्नावरील करासंबंधीचे बाविसावे मानक होय. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे मिळणारा घसारा हिशेबातील घसाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक असल्याने नव्या यंत्रसामग्रीच्या सुरुवातीच्या वर्षांत कर कमी द्यावा लागतो व नंतर जास्त. हा पुढे ढकललेला कर आजच देणे म्हणून दाखवावा, असे या मानकाने सांगितले. १ एप्रिल २००१ पासून ते नोंदणीकृत कंपन्यांना लागू झाले. साचलेली रक्कम आरंभीच्या राखीव निधीतून वजा करावयाची होती. अजून न आकारलेला कर हे देणे कसे, असा आक्षेप घेऊन काही कंपन्या न्यायालयात गेल्या. जे. के. इंडस्ट्रीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मानक वैध ठरविले.

मानक मागे घेण्याचा दबाव कसा येतो, हे विदेशी चलनविषयक अकराव्या मानकाच्या बाबतीत दिसून आले. या मानकाप्रमाणे विदेशी कर्जावरील विनिमयदराची तूट त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करावी लागे. २००८-०९ या आर्थिक वर्षात डॉलरचा भाव सुमारे ४० रुपयांवरून ५० रुपयांच्या वर गेला आणि विदेशी कर्जे घेतलेल्या कंपन्यांपुढे मोठे तोटे उभे राहिले. आर्थिक वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ मार्च २००९ रोजी, सरकारने अधिसूचना काढून ही तूट मालमत्तेच्या किमतीत मिळविण्याची किंवा कर्जाच्या मुदतीवर पसरविण्याची सवलत दिली. प्रथम मर्यादित काळासाठी दिलेली ही सवलत पुढे वाढविण्यात आली. रुपयाची घसरण व कंपन्यांवरील कर्जे होती तशीच राहिली. नफ्याचे आकडे मात्र सुधारले.

आंतरराष्ट्रीय मानकांशी सुसंगत अशी नवी भारतीय लेखामानके फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित झाली. ५०० कोटी रु. वा अधिक निव्वळ मूल्य असलेल्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून, तर उर्वरित नोंदणीकृत व २५० कोटी रु. वा अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली. महसुलासंबंधीच्या ११५ क्रमांकाच्या मानकाचा (१ एप्रिल २०१८ पासून) परिणाम गृहबांधणी व्यवसायावर विशेष झाला. पूर्वी बांधकामाच्या प्रगतीच्या प्रमाणात महसूल धरला जाई. नव्या मानकानुसार घरावरील नियंत्रण ग्राहकाकडे केव्हा जाते, ही कसोटी लागू झाली. त्यामुळे अनेक विकसकांना इमारत पूर्ण होऊन ताबा देण्याच्या टप्प्यापर्यंत महसूल थांबवावा लागला, आधी नोंदलेला नफा राखीव निधीतून वजा करावा लागला आणि तोच नफा पुढील वर्षांत पुन्हा नोंदता आला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठ्या प्रकल्पांचे जाहीर उत्पन्न यामुळे काही वर्षे अगदी कमी, तर एखाद्या वर्षी एकदम मोठे दिसू लागले.

पुस्तकी नफ्यावर किमान पर्यायी कर आकारला जात असल्याने मानकबदलाचा संबंध करदेयतेशीही पोहोचतो. म्हणून २०१७ च्या वित्त अधिनियमाने संक्रमणाच्या वेळी राखीव निधीत गेलेल्या विशिष्ट रकमा पाच वर्षांत समान भागांनी करासाठी धरण्याची तरतूद केली. बँकांना नवी मानके लागू करण्याचे काम रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये पुढे ढकलले. संभाव्य बुडीत कर्जांसाठी आधीच तरतूद करावयास सांगणाऱ्या मानकाचा त्यांच्या भांडवलावर पडणारा भार हा या संदर्भातील चिंतेचा प्रमुख विषय होता.

मूल्यमापन : मानकांना होणाऱ्या विरोधाचा मुख्य आधार, त्यांमुळे उद्योगांवर अनिष्ट आर्थिक परिणाम होतात, हा असतो. अमेरिकेत कर्मचाऱ्यांना दिलेले भागखरेदीचे हक्क खर्च म्हणून दाखवावेत, असा प्रस्ताव १९९३ मध्ये येताच कंपन्यांनी तीव्र विरोध केला. १९९४ मध्ये सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी त्याविरुद्ध ठराव केला आणि मंडळास तूर्त केवळ माहिती उघड करण्यावर समाधान मानावे लागले; एन्‌रॉन व इतर कंपन्यांच्या गैरव्यवहारांनंतर डिसेंबर २००४ मध्ये ती नोंद सक्तीची झाली. १३ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक वित्तीय संकटाच्या ऐन भरात, आंतरराष्ट्रीय मंडळानेही यूरोपीय दबावाखाली बँकांना काही रोख्यांचे वर्गीकरण बदलण्याची मुभा १ जुलैपासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने दिली.

टीकेत तथ्य नाही असे नाही. बाजारभावावर आधारलेल्या मोजणीने नफ्यात चढउतार वाढतात. अंदाजांवर आधारलेल्या मूल्यमापनास बनवाबनवीची वाट मोकळी राहते. आणि मानकांचा आकार व गुंतागुंत वाढल्याने सामान्य भागधारकास हिशेब समजणे कठीण होते. परंतु मानकाअभावी हे दोष नाहीसे होत नाहीत. ते फक्त संचालकांच्या दालनात लपून राहतात. नव्या मानकाने नफा घटलेला दिसतो, तेव्हा बहुधा आधीचा नफा कोणा दुसऱ्याच्या, म्हणजे पुढील वर्षांच्या, धनकोंच्या किंवा निवृत्त कामगारांच्या वाट्यातून आलेला असतो. म्हणून संक्रमणाच्या वर्षी केवळ नफ्याची रक्कम न पाहता, जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ दाखविणारे विवरण, राखीव निधीतील बदल व रोकड-प्रवाहाचे पत्रक ही तिन्ही एकत्र वाचणे आवश्यक असते. यांपैकी रोकड-प्रवाहाच्या पत्रकातही रकमांची वर्गवारी मानकानुसार बदलू शकते. वर्षाच्या आरंभी व अखेरीस असलेली रोकड मात्र मानकबदलाने सहसा हलत नाही.